शब्दाभोवतीचं काम

माझ्या कथेतली बाई पेरणीला निघाली आहे. वऱ्हाडातलं गाव, मृगाचा पाऊस पडून गेलेला. 'ती सरतं धरून चालू लागली' एवढंच लिहिलं, तर अकोल्याच्या शेतकऱ्याला पुरे. मुंबईच्या वाचकाला मात्र ती दिसतच नाही. कंसात अर्थ द्यावा, तर भर पेरणीत बैल थांबतात. तळटीप दिली, की नजर वावरातून उठून पानाच्या तळाशी जाते.

म्हणून शब्द तसाच ठेवून मी त्याच्याभोवतीचं काम लिहितो. पुढे नवरा तिफन हाकतो, चाड्यावर मूठ धरून ज्वारी सोडतो. मागे दोरीने बांधलेलं सरतं बाईने एका हाताने सरळ धरलंय, दुसऱ्या हाताने ती ओटीतली तूर त्यात सोडतेय आणि दाणे नळीतून मातीत उतरताहेत. अर्थ आपसूक कळतो. शिवाय ज्वारीच्या शेजारी तुरीची ओळ कशी पडते, तेही.

खरा धोका ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. 'वावर' म्हणजे शेत. पण 'त्याचं वावर नदीकाठी होतं' हे वाचून पुण्याच्या वाचकाला मुद्रणदोष वाटेल, कारण त्याच्या लेखी वावर पुल्लिंगी आणि माणसाचा. तिथे बांध, चिखल, धुरा असं काहीतरी लगेच पायाखाली यायला हवं. सोयीसाठी वखराचा कुळव मात्र मी करणार नाही. तेवढ्याने गाव उठून साताऱ्याकडे जातं.

उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये (1960) वऱ्हाडी संवादांत ठेवली, निवेदन प्रमाण मराठीत केलं. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (1971) नारबा स्वतःच गोष्ट सांगतो, म्हणून सगळी कादंबरी त्याच्या बोलीत. माझं निवेदन प्रमाण आहे, पण अवजारं, पिकं, सुगी यांची नावं गावचीच.

सगळ्यात जास्त जपला तो 'उलंगवाडी' हा शब्द. कापसाची शेवटची वेचणी होते, उभ्या पऱ्हाटीत गुरं शिरतात आणि म्हातारा म्हणतो, "झाली उलंगवाडी." आधी दृश्य, मग शब्द. पुढे थोरला मुलगा बिऱ्हाड घेऊन शहरात जातो, तेव्हा म्हातारा पुन्हा तेवढंच बोलतो. तिथे मी एक अक्षरही जोडलेलं नाही.