घाव वर्मी बसावा म्हणून

मावळात पावसाची पहिली सर पडली की कामशेत-लोणावळ्याच्या खाचरांतून जो मृद्गंध उठतो, त्यात मोठा वाटा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा असतो. जिओस्मिन हे त्या वासाचे द्रव्य ते तयार करतात. याच कुळाने माणसाला स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन दिले. मावळातून उतरलेली पवना जिथे पिंपरीला येते, तिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनवू लागला. तिथल्या एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१च्या सुमारास पिंपरीच्या मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. त्या जिवाणूच्या नावातही पिंपरी आहे, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. या गटातली औषधे बुरशीच्या पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलला धरतात. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते, म्हणून घाव मुख्यतः बुरशीवर बसतो. औषध किती जहाल आहे यापेक्षा ते नेमके कुठे लागते, याला महत्त्व अधिक. वैज्ञानिक या जागेला लक्ष्य म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे, वर्म.

जिवाणूंच्या बाबतीत अडचण अशी की आपल्याला ठाऊक असलेली वर्मे मोजकीच आहेत. पेशीभोवतीची भिंत, प्रथिने बनवणारा रायबोसोम, डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा आणि आणखी दोन-चार जागा. वापरातली बहुतेक प्रतिजैविके यांपैकीच कुठेतरी लागतात. त्यामुळे जिवाणू एका औषधापासून वाचायला शिकला की त्याच्या भावंडांपासूनही बऱ्याचदा वाचतो. प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसते. बशीतल्या पोषक थरावर रुग्णाचे जिवाणू पसरतात, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या मांडतात आणि बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी ज्या चकतीभोवती पुरेसे रुंद स्वच्छ कडे उमटलेले असते, ते औषध चालते. एखाद्या बशीत मात्र एकाही चकतीभोवती कडे नसते. जिवाणू थेट कागदाला भिडलेले असतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९च्या उत्तरार्धात कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ नमुने तपासले, त्यांतल्या २२मध्ये एनडीएम-१ हे औषध तोडणारे विकर घडवणारा जनुक सापडला. २०१९ या एका वर्षात प्रतिरोधी जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज आहे.

मग करायचे काय? मावळातच याचे चित्र आहे. लोहगड बलदंड, पण शेजारचा विसापूर त्याहून उंच. १८१८ साली विसापूर इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा लोहगडही टिकला नाही. ज्या दरवाजाची तटबंदी पक्की झाली त्यावरच डोके आपटण्यापेक्षा दुसरी जागा धरावी, हे शत्रूकडूनही शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्याच वोक्हार्ट कंपनीच्या झिडेबॅक्टमची रीत हीच आहे. जिवाणूची भिंत बांधणारे गवंडी अनेक असतात. सेफेपीम हे जुने औषध त्यांतल्या पीबीपी-३ला धरते, झिडेबॅक्टम पीबीपी-२ला. दोन गवंडी एकदम अडले की भिंत ढासळते. शिवाय एनडीएमला झिडेबॅक्टम तोडता येत नाही. वर्म त्याच भिंतीतले, पण घाव दुहेरी.

इथे एक रास्त शंका निघते. जिवाणूंचे सगळे जनुक आता वाचता येतात, तर त्यातून शेकडो नवी वर्मे का काढत नाहीत? तो प्रयत्न झाला आहे. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने १९९५ ते २००१ या काळात योग्य रेणू निवडण्यासाठी सुमारे ७० मोठ्या चाळण्या लावल्या, तेव्हा हाती आशादायक असे जेमतेम पाच रेणू लागले. परीक्षानळीत विकर अडवणे सोपे असते. पण अनेक जिवाणूंना असलेला दुहेरी पडदा ओलांडून आत शिरणे आणि तिथे टिकणे फार कठीण, कारण आत आलेले औषध बाहेर फेकणारे पंप त्यांच्याकडे असतात. तरीही हा मार्ग सोडून देण्याचे कारण नाही. वर्म निवडतानाच तिथवर पोहोचण्याचा रस्ताही शोधायला हवा, एवढाच धडा त्यातून घ्यायचा. नवे वर्म अजूनही सापडू शकते, हे झोसुराबालपिन हा नवा रेणू दाखवतो. २०२४च्या जानेवारीत त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. जिवाणूच्या बाह्य कवचाचा माल पोहोचवणारी वाहतूकच तो थांबवतो आणि अतिदक्षता विभागांना छळणाऱ्या अॅसिनेटोबॅक्टरवर चालतो. अशी जागा आजवर कोणत्याही वापरातल्या औषधाने धरली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जिवाणू नव्या औषधालाही सरावणारच, तर इतका खर्च कशाला, त्यापेक्षा वापर आवरा. वापर आवरायलाच हवा, यात वाद नाही. पण ज्याच्या बशीत एकही कडे उमटले नाही, त्या रुग्णाला संयमाने बरे करता येत नाही. क्षयाचे उदाहरण घ्या. बेडाक्विलिन क्षयजंतूची ऊर्जेची गिरणी, म्हणजे एटीपी सिंथेस, बंद पाडते. हे वर्म पूर्वी कुणी धरले नव्हते. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध, क्षयावर सुमारे ४० वर्षांनी आलेला पहिला नवा मार्ग होता. त्याच्यामुळे प्रतिरोधी क्षयाचे उपचार दीर्घकाळ चालणाऱ्या इंजेक्शनांवरून सहा महिन्यांच्या गोळ्यांवर येऊ शकले. प्रतिरोध टाळण्यासाठी ते एकटे न देता इतर औषधांच्या जोडीनेच देतात, तरी त्यालाही दाद न देणारे जंतू आता दिसू लागले आहेत. ते गरिबाला परवडावे म्हणूनही लढावे लागले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून वाचलेल्या दोघींनी हरकत घेतली आणि २०२३च्या मार्चमध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने हे औषध बनवणाऱ्या कंपनीचा मक्तेदारी लांबवणारा पेटंट-अर्ज फेटाळला.

यातून एक गोष्ट ठरते. नवे प्रतिजैविक जपून वापरायचे, म्हणजे ते कमी खपणार. कमी खपणाऱ्या औषधावर बाजार पैसा लावत नाही. अकाओजेन या अमेरिकी कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ साली मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. म्हणून वर्मे शोधण्याचा खर्च समाजानेच उचलला पाहिजे, जसा पिंपरीत एकदा उचलला होता. आणि त्याच पैशातून लोणावळ्यापासून वडगावपर्यंतच्या रुग्णाला औषध सुरू होण्याआधी त्या बशीची तपासणी हाताशी मिळायला हवी. नाहीतर मोठ्या कष्टाने सापडलेले वर्मही साध्या सर्दी-तापावर वाया जाईल.