इसब, सोरायसिस आणि दोन वैद्यकें

सातारच्या एका जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचें नांव ‘आर्यांग्ल’ असें आहे. संधि सोडविण्याची खोड आम्हां मास्तरांस जन्माची जडलेली. म्हणून सांगतों, आर्य अधिक आंग्ल. कागदावर ही सांधणी सोपी. घरांत सोरायसिसचा रुग्ण असला म्हणजे मात्र ती कशी करावी, हा प्रश्न सातारा-सांगलीकडील कित्येक कुटुंबांपुढें उभा राहतो.

आयुर्वेदानें ‘कुष्ठ’ या एकाच नांवाखालीं अठरा त्वचारोग घातले आहेत: सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा करणारें ‘एककुष्ठ’ सोरायसिसशीं बरेंच जुळतें, ‘विचर्चिका’ इसबाशीं. बोलींत कुष्ठ म्हणजे केवळ महारोग, इतकाच अर्थ उरला, आणि त्यापायीं निरपराध सुनेचें ताट निराळें मांडलें जाऊं लागलें. सोरायसिस स्पर्शानें होत नाहीं, आणि इसबही नाहीं.

पाश्चात्त्य वैद्यक कारण शोधतें तें पेशींत. निरोगी त्वचेची पेशी तळापासून वर येऊन गळून पडण्यास सुमारें 28 दिवस लागतात. सोरायसिसमध्यें हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. शरीराचें रक्षकदल स्वतःच्याच त्वचेवर उलटल्यामुळें ही घाई होते. वैद्य पाहतो तो आहार, निद्रा, ऋतु. मग वमन, विरेचन, रक्तमोक्षण आणि खदिरासारखीं औषधें.

या दोन वाटा एके ठिकाणीं खरोखरच मिळाल्या. कोडावर बावचीच्या बियांचा लेप लावून रुग्णास उन्हांत बसविण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना. त्या बियांतील सोरालेन हें द्रव्य 1933 सालीं वेगळें काढण्यांत आलें, आणि 1974 सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं सोरालेन देऊन विशिष्ट अतिनील किरणांनीं सोरायसिसवर उपचार केल्याचें प्रसिद्ध केलें. तत्त्व तेंच, भर पडली ती मोजमापाची. द्रव्य किती, प्रकाश किती मिनिटें, हें ठरलें, आणि दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेंही नोंदलें गेलें. घरीं अंदाजानें बावची लावून उन्हांत बसणाऱ्यास मोठे फोड येतात.

माझा आक्षेप दोहोंपैकीं कोणत्याही शास्त्रावर नाहीं, मोजमाप सोडण्यावर आहे. दुकानांतून आपल्या मनानें आणलेलें स्टेरॉइडचें मलम महिनोन् महिने चोळल्यास कातडी पातळ होते. नांवगांव नसलेल्या ‘जडीबुटीच्या’ पुडींतही कधीं कधीं तेंच स्टेरॉइड वा जड धातु सांपडतात! आणि डॉक्टरांनीं पोटांत दिलेलें स्टेरॉइड, वैद्याकडे जावयाचें म्हणून एका दिवसांत बंद केलें, तर रोग दुप्पट जोरानें उसळूं शकतो. दोघांकडे जावें, पण दोघांनाही सर्व औषधें दाखवावीं.

सांगलीच्या हळदीस 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आनंद मलाही आहे. तरी हळदींतील कर्क्युमिन आंतड्यांतून फार थोडें शोषलें जातें, तेव्हां नुसत्या हळदीच्या दुधावर भिस्त ठेवूं नये. सातारच्या थंडींत मात्र एक गोष्ट दोन्ही शास्त्रांस मान्य आहे: स्नान कोमट पाण्यानें करावें, खरखरीत साबण टाळावा, आणि अंग ओलसर असतांनाच खोबरेल किंवा साधें व्हॅसलिन हलक्या हातानें लावावें.