तांब्याचं भांडं, लोखंडाची किटली

बिलोली तालुका 1956पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाचा अर्क आतून कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यात मंद आचेवर बराच वेळ मुरत ठेवायची पद्धत. तांबंच का? उष्णता वाहून नेण्यात ते ओतीव लोखंडाच्या सात-आठ पट पुढे. आच सगळीकडे सारखी पसरते, अर्क एका जागी करपत नाही. कल्हई हवीच, कारण चहा किंचित आम्लधर्मी. उघडं तांबं त्यात उतरतं. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो, तो तांब्यावरचा ऑक्साइड काढतो आणि वितळलेलं कथील घट्ट धरतं. हे कथील 232 अंशांनाच वितळतं. रिकामं भांडं आचेवर विसरलात, की कल्हई गेलीच!

जपानच्या मोरिओका शहराची ‘तेत्सुबिन’ किटली ओतीव लोखंडाची. उशिरा तापते, पण उशिरा निवते. जुन्या तेत्सुबिनमध्ये मात्र फक्त पाणी उकळतात. चहातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा रंग धरतो. जुनी काळी शाई याच क्रियेने बनायची. आतून इनॅमल असलेल्या नव्या किटल्यांत चहा मुरवता येतो, पण त्या विस्तवावर ठेवू नयेत. दिसायला देखण्या, एवढंच.

पितळातही तांबं असतंच. म्हणून घरात आजीची पितळी किटली असेल, तर आधी कल्हई करून घ्या, मगच चहा ओता.