आलेला खांदा : बैलाचा आणि संगणकावरच्या माणसाचा



बैलाचा खांदा आला तर आपण जू उतरवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून खांदेमळणी करतो. मात्र नशिराबादहून जळगाव-भुसावळला नोकरीस जाणारी मुलं-सुना दिवसभर संगणकावर बसून खांदा धरून घरी येतात, तेव्हा हाती बामची डबी दिली की आपण मोकळे! हंगामात ऊसनोंदी भरणाऱ्या कारकुनांचंही तेच. बामने घटकाभर बरे वाटते, जू तसेच राहते.

इथे जू म्हणजे टेबल. टेबल उंच नि खुर्ची ठेंगणी असली की खांदे नकळत वर उचललेले राहतात आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तासन्‌तास आखडतो. तरी खुर्ची एवढी वर घ्यावी, की कोपर अंगालगत, काटकोनात, टेबलाच्या पातळीत येईल. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवावा. पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर हवी. माऊस लांब ठेवला तर हात सारखा ताणलेला राहतो. बहुतेकांचा उजवाच खांदा का दुखतो, ते यात आलं. अर्ध्या तासाने उठून खांदे मागे फिरवावेत. दुखतंय तिथं गरम शेक द्यावा.

हात वरच जात नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टर गाठावा. डायबेटिसवाल्यांचा खांदा आखडून बसण्याचा संभव जास्त, त्यांनी चालढकल करू नये. आणि खांदा दुखता दुखता छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, तर शेकत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.