पाणबुडी पंपाचें दुखणें वरून ओळखावें

घरच्या बोअरमधील पाणबुडी पंप एकदां खालीं उतरविला म्हणजे दृष्टीआड होतो. त्यामुळेंच कीं काय, पाणी येईनासें होतांच तो वर काढण्याची घाई होते. २०० फूट नळ उपसून, माणसांची मजुरी भरून, शेवटीं दोष वरच्या पेटींतील कपॅसिटरचा निघावा, असें पुष्कळ घरीं घडतें. सबब पंपास हात लावण्यापूर्वीं वरूनच काय कळतें तें पाहूं.

या यंत्रांत मोटार तळाशीं असते, तिच्यावर पाणी घेणारी जाळी व त्यावर पंप. जाळीकडे जाणारें पाणी मोटारीच्या अंगावरून वाहतें व तेंच तिला थंड ठेवतें. पाणी तुटलें कीं मोटार तापते, आणि पाण्याच्याच वंगणावर चालणारे पंपाचे भाग कोरडे घासूं लागतात. दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी भेगांतून येतें. वैशाखांत कित्येक बोअर थोड्या उपशानें रिकाम्या होतात व सावकाश भरतात. अशा दिवसांत, वीज येतांच मोटार आपोआप चालू करणारें ऑटो स्विच लावून निर्धास्त झोपणें म्हणजे मोटार आपल्या हातानें जाळणें होय. तें उन्हाळ्यांत काढून ठेवावें, अथवा पाणी तुटतांच मोटार बंद करणारें ड्राय-रन उपकरण बसवावें.

निदानास साधनें दोन पुरेत : पेटीवरील अँपिअरमीटर आणि २०० लिटरचें पिंप. पंप चांगला चालत असतांनाच कांटा कोठें थांबतो व पिंप किती मिनिटांत भरतें हें भिंतीवर लिहून ठेवावें. चार मिनिटांत भरलें तर ताशीं ३,००० लिटर झाले. पुढें दर महिन्यास ताडून पहावें. ही नोंद नसेल तर मिस्त्रीही अंदाजच बांधणार.

कांटा नेहमींहून खालीं व पाणीही नाहीं, तर बोअर आटली असावी किंवा मोटार व पंप यांमधील जोड तुटला असावा. कांहीं तास थांबून पुन्हा चालू करतां थोडें पाणी येऊन तुटलें, तर दोष बोअरचा. पिंप भरण्यास वेळ अधिक लागूं लागला तर चालत्या पंपाच्या वेळीं बोअरच्या तोंडाशीं कान द्यावा; नळाचा जोड फुटला असल्यास आंत पाणी पडल्याचा आवाज बहुधा येतो. कांटा वर चढला तर व्होल्टेज उतरलेलें असेल, नाहीं तर पंपांत रेती अडकली असेल.

मोटार नुसती गुणगुणत असेल तर ती तत्काळ बंद करावी. घरगुती विजेचें व्होल्टेज २३० च्या फार खालीं नाहीं ना, हें प्रथम पहावें. मग कपॅसिटर तपासून घ्यावा. नवा घेतांना तितक्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्यें भार शिल्लक राहतो व त्याचा धक्का जबर बसतो. सबब हें काम जाणकारानेंच करावें.

पेटींतील संरक्षक खटका वारंवार पडत असेल तर तो दाबून धरूं नये, तारेनें बांधून तर मुळींच नये. केबलचा पाण्यांतील जोड ओला झाला असण्याचा संभव असतो. नळास हात लावतां झिणझिण्या आल्या तर मुख्य स्विच बंद करून घरच्या मुलामाणसांस तेथून दूर ठेवावें. मेगरनें केबलची व मोटारीची परीक्षा करून घ्यावी, अर्थिंगही तपासावें, आणि तोंवर घागरीनें पाणी आणावें.

इतकें पाहूनही पंप काढावाच लागला, तर तो केबलनें कधींही ओढूं नये. दोर स्वतंत्र असावा. पाण्यानें भरावयाच्या जातीची मोटार असल्यास परत सोडतांना ती स्वच्छ पाण्यानें कांठोकांठ भरून, आंतील हवा जाऊं देऊन मगच बूच घट्ट करावें.