रक्ताच्या इंजेक्शनाने गुडघा नवा होतो?

साठीच्या आसपास अनेकांचा जिना उतरताना गुडघा कुरकुरू लागतो, मांडी घालून बसणे सुटते. डॉक्टर एक्स-रे पाहून 'झीज' म्हणतात, शेजारी 'वंगण संपलं' म्हणतात. मग कुणीतरी सांगते, ''ऑपरेशन कशाला? स्वतःच्याच रक्ताचं इंजेक्शन मिळतं आता. कुर्चा पुन्हा वाढते.''

हे इंजेक्शन म्हणजे 'पीआरपी', अर्थात प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. रुग्णाचे रक्त काढून ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट्सने भरलेला पिवळसर द्रव वेगळा करून सांध्यात सोडतात. जखमेच्या जागी प्लेटलेट्स रक्त गोठवतात, शिवाय पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनेही सोडतात. तीच प्रथिने सांधाही दुरुस्त करतील, असा यामागचा तर्क. पण हाडांच्या टोकांवरच्या कुर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. त्वचेवरची जखम भरते तशी ती भरून येत नाही.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 288 रुग्णांवर याची नीट परीक्षा घेतली. सगळे पन्नाशीच्या पुढचे, गुडघ्याची झीज सौम्य ते मध्यम. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शने दिली, उरलेल्यांना तितकीच सलाईनची, म्हणजे निव्वळ मिठाच्या पाण्याची. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला कळू दिले नाही. वर्षभराने शून्य ते दहाच्या मापावर पीआरपी घेतलेल्यांची वेदना सरासरी 2.1 अंकांनी कमी झाली होती. मिठाच्या पाण्यावाल्यांची 1.8 अंकांनी. हा फरक नगण्य. एमआरआयमध्ये कुर्चेची झीजही दोन्ही गटांत जवळपास सारखीच दिसली. 2021 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले.

यातला मिठाच्या पाण्याचा आकडा पुन्हा पाहण्यासारखा आहे. त्या रुग्णांनाही बरे वाटलेच होते. सांधेदुखी मुळात कमी-जास्त होत राहते आणि माणूस ती असह्य झाल्यावरच सुई टोचून घ्यायला जातो. त्यामुळे ''आमच्या मेहुण्यांना फरक पडला'' हे खरे असूनही पुरावा ठरत नाही.

काही लहान चाचण्यांत पीआरपी सरस ठरली आहे, हेही नोंदवायला हवे. मात्र ती तयार करण्याची पद्धत सर्वत्र सारखी नाही. एका दवाखान्यातली पीआरपी दुसऱ्यासारखी असेलच असे नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ती वापरू नये, असेच सुचवले. टेनिस एल्बोसारख्या स्नायुबंधांच्या दुखण्याचा विचार वेगळा करावा लागतो. पण तिथेही निष्कर्ष उलटसुलट आहेत.

तरीही काही हजार रुपये मोजून हे इंजेक्शन घ्यायचे ठरवलेच, तर आधी डॉक्टरांना विचारावे: दुखणे कमी होईल म्हणता, की कुर्चा वाढेल म्हणता? कुर्चा वाढेल असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेले बरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावे. नंतर दोन-तीन दिवस गुडघा ठणकू शकतो. मात्र ताप आला किंवा सांधा लाल होऊन सुजला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर सांधा बिघडवतो.

आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम? त्याची जाहिरात कुणी करत नाही. वजन जास्त असलेल्या व्यक्तीने एक किलो घटवले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.