रेझीनचं विरजण

मे महिन्याच्या शेवटी आमच्या अलिबागच्या घराची फायबरची पन्हळ कोपऱ्यात तडकली. पाऊस तोंडावर आलेला. मी बाजारातून किलोभर पॉलिएस्टर रेझीन, काचेच्या धाग्यांच्या मॅटचा तुकडा, हार्डनर आणि कोबाल्ट आणलं, ठिगळ मारलं आणि लवकर वाळावं म्हणून वर पंखा सोडला. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. तिसऱ्या दिवशीही तसंच. खाडीवर लाकडी होड्यांना फायबर मारणारे एक काका ओळखीचे आहेत, त्यांना घेऊन आले. ठिगळाला हातही न लावता त्यांनी विचारलं, "ताई, पंखा कोणी लावला?"

मग म्हणाले, "हा रंग नाही वाळायला. हे दह्यासारखं लागावं लागतं."

फायबरच्या कामातली निम्मी फसगत या एका गैरसमजातून होते. रंगातलं द्रावक उडून जातं आणि रंग वाळतो. पॉलिएस्टर रेझीनमध्ये पातळपणा आणणारं स्टायरिन मात्र उडून जायला नको असतं. तेच रेझीनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि स्वतःही त्या जाळ्यात कायमचं अडकतं. पंख्याच्या वाऱ्याने मी तेच उडवून लावत होते. शिवाय हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळ थरातली ही बांधणी रोखून धरतो. आत कडक आणि वर चिकट, असं ठिगळ दिसतं ते त्यामुळे.

बांधणी सुरू करतो तो हार्डनर. हे पाण्यासारखं दिसणारं एक पेरॉक्साइड असतं. पण घरच्या तापमानाला ते एकटं फार हळू फुटतं. त्याला फोडतं कोबाल्ट, जांभळ्या रंगाचं. या दोन बाटल्यांबद्दल काका एरवीपेक्षा मोठ्या आवाजात बोलतात, आणि ते योग्यच आहे. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. कोबाल्ट किती, ते त्याच्या ताकदीवर ठरतं, म्हणून डब्यावरचं वाचायचं. काही रेझीनमध्ये ते कारखान्यातच घातलेलं असतं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोज्यांशिवाय ती बाटली उघडूच नये.

हार्डनरचं प्रमाण एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला साधारण १० ते २० मिली. माझी चूक इथेही होती. मी झाकणाने अंदाजे ओतलं होतं. छोट्या ठिगळाला दोनशे ग्रॅम रेझीन लागलं तर हार्डनर येतो दोन ते चार मिली, आणि तो अंदाजाने मोजता येत नाही. काका औषधाच्या दुकानातली सुईविना सिरिंज वापरतात. कमी पडला तर बांधणी अर्धवट राहते आणि नंतर कितीही दिवस थांबलं तरी पुरी होत नाही. जास्त झाला तर माल हातातच गोठतो, तापतो, ठिसूळ होतो. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझीनला तर असा अंदाज मुळीच चालत नाही. तिथे हार्डनर हा रेणूंच्या जोडणीतला अर्धा भागीदार असतो. डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण, लवकर व्हावं म्हणून वाढवलं तर काम नासतं.

दह्याची उपमा एका ठिकाणी मात्र तुटते. दह्याला ऊब बाहेरून द्यावी लागते, रेझीन ती स्वतः तयार करतं. काकांनी मला मुद्दाम दाखवलं. त्यांनी एकाच वेळी ढवळलेला माल अर्धा मगात ठेवला आणि अर्धा पत्र्यावर पसरला. थोड्या वेळात मगातला जेलीसारखा झाला, मग धरवेना इतका तापला आणि त्यातून वाफा निघाल्या. पत्र्यावरचा अजून ओलाच होता, कारण त्याची ऊब पत्रा पिऊन टाकत होता. म्हणून लागेल तेवढाच माल बनवायचा आणि जाड काम एका दमात न करता थोडे थोडे थर द्यायचे. थरांमधला चिकटपणा तर हवाच असतो, पुढचा थर त्यालाच धरतो. मधे दिवस गेले असतील तर घासून, ॲसिटोनने पुसून मगच पुढे जायचं.

शेवटच्या थराला मात्र हवेपासून झाकावं लागतं. त्यात स्टायरिनमध्ये विरघळवलेलं मेण घालतात. थर लागत असताना ते वर येऊन साय धरतं. छोट्या ठिगळावर प्रोजेक्टरला वापरत तसली पारदर्शक शीट दाबून बसवली तरी चालतं, नंतर ती सोलून निघते.

आणि ओल. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर कपाटातली चादरही दमट लागते, मग काचेचे मोकळे धागे कसे सुटतील? काका मॅटची गुंडाळी प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवतात आणि वापरण्याआधी उन्हात धरतात. लाकूड ओलं असेल तर होडी परत पाठवतात, गिऱ्हाईक चिडलं तरी.

हे तंत्र तसं तरुण आहे. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर यांची छोटी होडी अमेरिकेतल्या ओहायोमध्ये रे ग्रीन यांनी १९४२ साली बनवली. कोकणातल्या होडीच्या सुतारकीपुढे ही विद्या कालची म्हणावी अशी. तरी काकांच्या हातात ती इतकी मुरली आहे की रोलर मॅटवरून फिरताना बुडबुडा कुठे अडकलाय ते त्यांना आवाजावरून कळतं.

माझं ठिगळ आम्ही खरवडून काढलं. कड घासली, पुसली, ऊन चढल्यावर नवीन माल सिरिंजने मोजून लावला. मगाच्या तळाशी उरलेला माल मी फेकायला निघाले तर काकांनी थांबवलं. तो साक्षीदार असतो म्हणाले. ठिगळ मऊ राहिलं आणि मगातलं कडक झालं, तर दोष थंडीचा, ओलीचा नाहीतर वाऱ्याचा. दोन्ही मऊ राहिली, तर मिसळण्यातच चूक. त्यांच्या शेडच्या खिडकीत असे गोळे ओळीने मांडलेले आहेत, प्रत्येकावर मार्करने तारीख आणि हार्डनरचे मिली. संध्याकाळी ॲसिटोनचं फडकं ठिगळावरून फिरवलं, चिकटलं नाही. नाण्याने ठोकलं तर पन्हळीसारखाच टणक आवाज आला. माझा गोळाही आता त्या खिडकीत आहे, त्यावर तारखेखाली लिहिलंय, तीन मिली.